लिव्हिंग विल: तयार नमुना, नोटरी, कस्टोडियन आणि आयसीयू. खान्देशातल्या घरांसाठी परीक्षण

कोर्टाच्या आवारात टायपिस्टकडे किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये ‘लिव्हिंग विल’चा, म्हणजे आपण सांगू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या दस्ताचा, दोन पानी तयार नमुना मिळतो. त्या नमुन्याचं, आणि तो ज्या यंत्रणेतून पुढे जातो तिचं हे परीक्षण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या घरांना तो कितपत उपयोगी पडेल, एवढाच प्रश्न समोर ठेवला आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. तयार नमुना जसाच्या तसा वापरण्याजोगा नाही. नोटरीचा टप्पा सोपा आहे आणि नीट चालतो. कस्टोडियनचा, म्हणजे दस्ताची प्रत जतन करणाऱ्या अधिकाऱ्याकडचा, टप्पा चिकाटी मागतो. तालुक्याच्या गावातल्या आयसीयूत अंमलबजावणी खरोखर अवघड जाते. तरीही हा कागद करावा असंच आमचं मत आहे, कारण तो करताना घरात जे बोलणं होतं ते एरवी होत नाही, आणि ऐनवेळी निर्णय त्या बोलण्यावरच ठरतो.

या कागदाने मिळतं काय?

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये (जगण्याच्या हक्कात) येतो असं ठरवलं. शुद्धीत असताना माणसाने पुढच्या उपचारांबद्दल लिहून ठेवलेली इच्छा ग्राह्य धरायची, असंही सांगितलं. त्या वेळची पद्धत फार किचकट होती; दस्तावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानेच ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची, एवढं पुरतं.

हा कागद कशासाठी नाही, हेही आधी समजून घ्यायला हवं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मरण आणावं, असं तो सांगू शकत नाही. ते भारतात बेकायदा आहे. तो मृत्युपत्राची जागा घेत नाही. मृत्युपत्र उघडतं माणूस गेल्यावर, त्यामुळे ‘मला मशीनवर ठेवू नका’ हे वाक्य मृत्युपत्रात लिहिलं तर ते वाचलं जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. कुलमुखत्यारपत्रही इथे कामाचं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. बँकेतल्या नॉमिनीचा तर उपचारांशी संबंधच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही पूर्वसूचनेचा दस्त आहे, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता. इंटरनेटवर शोधताना पुष्कळदा तोच नमुना हाती लागतो आणि लोक तो भरून मोकळे होतात.

तयार नमुन्यातल्या चुका

पहिली परीक्षा सोपी आहे. नमुन्यात शेवटी ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांची प्रतिस्वाक्षरी’ अशी जागा असेल, तर तो २०२३ च्या आधीचा आहे. तो बाजूला ठेवा, नाहीतर गरज नसताना कोर्टाचे हेलपाटे होतील.

दुसरी चूक शब्दांची. काही मसुद्यांत ‘मला इच्छामरण देण्यात यावे’ असं थेट लिहिलेलं असतं. एवढं वाचूनच डॉक्टर कागद परत करतील, आणि ते बरोबरच आहे. मागणी उपचार सुरू न करण्याची किंवा थांबवण्याची असायला हवी.

तिसरी चूक टायपिस्टच्या सवयीतून येते. मृत्युपत्राचा जुना मजकूर संगणकात तयार असतो. त्यातलंच ‘हा दस्त माझ्या मृत्यूनंतर अंमलात येईल’ हे वाक्य इथे येऊन बसतं. त्या एका वाक्याने सगळा कागद अर्थहीन होतो. शेतजमीन, घर, सोनं यांचे उल्लेखही यात नकोत. वाटणीचा विषय आला की उपचार थांबवण्यामागे हेतू काय, अशी शंका डॉक्टरांच्या आणि भावकीच्या मनात येते.

सगळ्यात घातक चूक चौथी: ‘मला कोणतीही कृत्रिम साधने लावू नयेत.’ ऐकायला हे ठाम वाटतं, पण यात सलाईन येतं का, ऑक्सिजन येतो का, नाकातली नळी येते का, काहीच कळत नाही. त्याहून मोठा धोका आपल्या भागातल्या शेतीशी जोडलेला आहे. कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा झाली, किंवा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावला, तर श्वासाचे स्नायू काही दिवसांपुरते लुळे पडू शकतात. अशा माणसाला व्हेंटिलेटर मिळाला तर तो काही दिवसांनी मशीनवरून निघून चालत घरी जाऊ शकतो. साठीतल्या धडधाकट शेतकऱ्याने सरसकट ‘व्हेंटिलेटर नको’ लिहून ठेवलं आणि घरच्यांनी ते शब्दशः पाळलं, तर बरा होणारा माणूस जाईल. मशीनचं नाव लिहिण्याआधी अवस्था लिहायची ती म्हणूनच.

तोंडाच्या कर्करोगाचंही तसंच. तंबाखू-गुटख्यामुळे हा आजार आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. उपचार चालू असताना नाकातली नळी किंवा गळ्याला पाडलेलं छिद्र हे पोटात अन्न जावं आणि श्वास मोकळा राहावा यासाठी असतं, मरण लांबवण्यासाठी नव्हे. ‘नळी नको’ हे वाक्य अशा रुग्णाला उपाशी ठेवू शकतं. दहा वर्षं स्मृतिभ्रंशाने अंथरुणावर असलेल्या, गिळता न येणाऱ्या आजींच्या बाबतीत तीच नळी हा पूर्ण वेगळा प्रश्न होतो.

पाचवी उणीव म्हणजे दुखणं कमी करण्याबद्दल नमुन्यात अवाक्षर नसतं. ‘उपचार नकोत’ याचा अर्थ मग ‘काहीच नको’ असा घेतला जातो, आणि माणूस कळवळत राहतो.

हे सगळं टाळणारा मजकूर साधारण असा लिहिता येईल:

‘मला बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्याला पोचला असेल, किंवा मेंदूला अशी इजा झाली असेल की घरच्यांना ओळखणं आणि त्यांच्याशी बोलणं मला पुन्हा जमणार नाही असं डॉक्टरांचं मत असेल, आणि त्या वेळी स्वतःचा निर्णय सांगण्याच्या अवस्थेत मी नसेन, तर माझं मरण केवळ लांबवणारे उपचार सुरू करू नयेत, सुरू केले असल्यास थांबवावेत. छाती दाबून किंवा शॉक देऊन हृदय पुन्हा सुरू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि रक्तदाब टिकवणारी सतत चालणारी औषधं यांचा त्यात समावेश आहे.

आजार बरा होण्याजोगा असेल तर व्हेंटिलेटरसह सर्व उपचार करावेत. खात्री देता येत नसेल तर डॉक्टरांनी मुदत ठरवून करून पाहावेत आणि मुदत संपल्यावर पुन्हा निर्णय घ्यावा.

दुखणं, धाप, घाबरेपणा, उलटी कमी करणारी औषधं आणि अंगाची, तोंडाची स्वच्छता शेवटपर्यंत मिळावी. औषधांमुळे गुंगी वाढली तरी माझी हरकत नाही.’

नाकातल्या नळीबद्दल एक वेगळं वाक्य हवं, कारण घरात सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरून होतो. ‘उपाशी कसं ठेवायचं?’ हा प्रश्न मुलांना पोखरतो. नळी हवी की नको, हवी तर कोणत्या अवस्थेपर्यंत, हे त्या माणसाच्या शब्दांत उतरवून घ्या.

यापुढे निकालाने मागितलेल्या बाबी येतात: मी सज्ञान आहे, माझी बुद्धी शाबूत आहे, कुणाच्या दबावाखाली हे लिहिलेलं नाही, याचे परिणाम मला समजले आहेत, आणि हा दस्त मी केव्हाही रद्द करू शकतो किंवा शकते. मग आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं. २०२३ नंतर एकापेक्षा जास्त माणसं नेमता येतात, त्याचा फायदा घ्या. बहुतेक लोक जोडीदाराचं एकच नाव टाकतात. पण पंच्याहत्तरीच्या माणसाने बहात्तरीच्या बायकोचं नाव टाकलं तर दोघंही एकाच वेळी आजारी असण्याची शक्यता असते. दोन नावं द्या, क्रम लिहा, आणि त्यातलं एक माणूस दोन तासांत दवाखान्यात पोचू शकेल असं असावं. पुणे-मुंबईला किंवा परदेशात असलेला मुलगा दुसऱ्या क्रमांकावर चालेल, पहिल्यावर नको. मुलगी सासरी गेली म्हणून तिला वगळण्याची पद्धत इथे फार महागात पडते. उशाशी बसून सगळं करणारी पुष्कळदा तीच असते. तिचं नाव कागदावर नसलं तर डॉक्टरांना तिच्याऐवजी ज्यांनी रुग्णाला वर्षभर पाहिलेलं नाही त्यांना विचारावं लागतं.

बोलणं कधी काढायचं

‘असं अभद्र बोलू नये’ ही पहिली अडचण सगळ्यांनाच येते. पितृपक्षात विषय काढला की ती आणखी वाढते. आमच्या मते खान्देशात यासाठी सगळ्यात योग्य वेळ आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे. लेकी माहेरी आलेल्या असतात, घागर भरून पितरांची आठवण काढलेली असते, गेलेल्या माणसांबद्दल बोलणं त्या दिवशी अशुभ मानलं जात नाही. दुपारी जेवणं उरकल्यावर थेट कागद पुढे करण्याऐवजी ओळखीच्या माणसाच्या आजारपणापासून सुरुवात करा: ‘आप्पा, शेजारच्या नानांना महिनाभर मशीनवर ठेवलं होतं. तसं तुमच्यावर आलं तर आम्ही काय करावं?’ आईला विचारताना ‘आई, तुला शेवटी कुठं राहायला आवडेल, घरी की दवाखान्यात?’ एवढं पुरतं. उत्तर ‘माले घरमाच राहू द्या’ असं अहिराणीत आलं तर त्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. पुढे मुलांमध्ये मतभेद झाले की शुद्ध मराठीतल्या परिच्छेदापेक्षा आईचं ते वाक्य जास्त ऐकलं जातं.

तीन प्रश्न मात्र चुकवू नयेत. कोणत्या अवस्थेत जगणं नको वाटेल? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते: दुखण्याची, धाप लागण्याची, एकटं पडण्याची की मुलांवर कर्ज होण्याची? आणि तुमच्या वतीने कुणी बोलावं? खर्चाच्या भीतीने ‘काही नको’ म्हणणारे वडील वेगळे आणि खरोखर नको असणारे वेगळे. ‘पैशाची अडचण नसती तरी हेच म्हटलं असतं का?’ हे विचारल्याशिवाय लिहायला घेऊ नका.

डायलिसिसवर असलेले, हृदय कमजोर झालेले, वर्षानुवर्षं दम्यासारखा फुप्फुसांचा आजार असलेले, कर्करोग पसरलेले, पक्षाघात होऊन गेलेले, यांच्या घरांनी हे लांबणीवर टाकू नये. स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसत असेल तर सगळ्यात आधी. या आजारात बुद्धी शाबूत असल्याचा काळ मोजका असतो, आणि तो गेल्यावर केलेली सही टिकत नाही.

नोटरी आणि साक्षीदार

यंत्रणेतला सगळ्यात चांगला टप्पा हाच. जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी कोर्टाच्या आसपास नोटरी भेटतात. अंथरुणावरच्या माणसासाठी घरी येतील का आणि फी किती, हे आधी विचारा. स्टॅम्प पेपरच हवा अशी अट निकालात घातलेली नाही. नोटरीच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक, तारीख आणि शिक्का प्रत्येक पानावर आला आहे ना, ते तिथेच तपासा. राजपत्रित अधिकारी ओळखीचे असतील तर तोही मार्ग तितकाच वैध आहे.

साक्षीदार दोन लागतात, आणि ते शक्यतो स्वतंत्र असावेत असं न्यायालय म्हणतं. म्हणजे मुलगा, सून, जावई, वारसदार नकोत. ज्यांची नावं प्रतिनिधी म्हणून टाकली तेही नकोत. शेजारी, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळातले सोबती चालतील. दोघंही सही करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असले तर बरं.

सही न येणाऱ्यांसाठी अंगठा चालतो, पण मग मजकूर त्यांच्या बोलीत वाचून दाखवला आणि त्यांना तो समजला, असं वाक्य खाली हवंच. सातपुड्याच्या पट्ट्यात घरची भाषा पावरी किंवा भिली असेल तर वाचून दाखवणारा त्या भाषेचा जाणकार हवा आणि त्याचंही नाव, सही घ्यावी. तयार नमुन्यात ही जागा नसते. टाइप करतानाच घालून घ्या.

कस्टोडियन: काम होतं, पण मागे लागावं लागतं

२०२३ च्या निकालाप्रमाणे दस्ताची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची. त्या संस्थेने ती सांभाळण्यासाठी कस्टोडियन नेमायचा. जळगाव आणि धुळ्यात ही जागा महानगरपालिका, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर इथे नगरपरिषद, आणि खेड्यात ग्रामपंचायत. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर राज्यात या नेमणुकांना वेग आला.

लहान गावात गेल्यावर समोरच्या कर्मचाऱ्याला हा विषय नवा असू शकतो. त्यासाठी सोबत तीन गोष्टी न्या: २०२३ च्या आदेशाची छापील प्रत, एक पानाचा साधा अर्ज (‘सोबतचा वैद्यकीय पूर्वनिर्देश (लिव्हिंग विल) सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जतन करण्यासाठी सादर करीत आहे’) आणि अर्जाची दुसरी प्रत. तोंडी बोलण्यात वेळ घालवण्यापेक्षा आवक विभागात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. हा आवक क्रमांक दस्ताच्या पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवा. पुढे दवाखान्याला कागद खरा आहे का हे पडताळायचं असतं, तेव्हा कस्टोडियनकडे चौकशी करायला हाच धागा उपयोगी पडतो. निकालात डिजिटल आरोग्य नोंदींशी ताडून पाहण्याचीही सोय आहे, म्हणून स्कॅन प्रत तिथे जोडता आली तर जोडा.

एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यायची आहे. ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि ती गाळू नये असं आम्ही आग्रहाने सांगू. गावातला फॅमिली डॉक्टरच मोठ्या दवाखान्याला फोन करतो, चिठ्ठी लिहून देतो. त्याला माहीत नसलेला कागद रुग्णाबरोबर प्रवास करत नाही.

दवाखान्यात गेल्यावर

अंमलबजावणीची पद्धत अशी. रुग्ण बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत नाही, तेव्हा दवाखाना प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमतो: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांचं मत शक्यतो ४८ तासांत यायचं असतं. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ, पुन्हा शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळं सहमत झाली आणि नेमलेल्या नातेवाइकांनी संमती दिली की दवाखान्याने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं आणि उपचार थांबवायचे. कळवायचं आहे, परवानगी मागायची नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. दस्त केलेलाच नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन मंडळांची पद्धत लागू होते.

डॉक्टर मोजा: सहा. २०१८ मध्ये तज्ज्ञांसाठी वीस वर्षांचा अनुभव मागितला होता; तो पाचवर आल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी, वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे जमण्याजोगं झालं. पण दहा-बारा खाटांच्या तालुक्यातल्या आयसीयूत सहा तज्ज्ञ आणायचे कुठून? यंत्रणेतली ही खरी उणीव आहे, आणि तिच्यामुळे व्यवहारात दुसरंच घडतं. खर्च आवाक्याबाहेर गेला की घरचे ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ असं लिहून देतात, नळ्या काढल्या जातात, ॲम्ब्युलन्स गावाकडे निघते. कागदोपत्री तो वैद्यकीय सल्ल्याविरुद्धचा डिस्चार्ज असतो, त्यामुळे सोबत ना दुखण्याची औषधं असतात, ना घरी काय करायचं याची चिठ्ठी. माणूस वाटेत किंवा ओसरीवर धापा टाकत जातो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, रुग्ण शुद्धीत आहे तोवर त्याला स्वतःला उपचार नाकारण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी कुठलंही मंडळ लागत नाही. केसपेपरवर डॉक्टरांसमोर त्याच्या तोंडचे शब्द आणि सही घेतली, तर पुढच्या सगळ्या गोष्टी हलक्या होतात. दाखल करतानाच हे विचारा. छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न करायचा की नाही, याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. केसपेपरवर तशी नोंद करून घ्यायचा आग्रह धरता येतो.

दुसरा उपाय डिस्चार्जच्या वेळचा. घरी न्यायचंच असेल तर ‘वेदनाशमन उपचारांसाठी घरी’ असं डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. औषधांची यादी, श्वास लागला तर काय द्यायचं, रात्री फोन कुणाला करायचा, हे तीनही त्यात हवं.

आपल्याकडचा रुग्ण एका ठिकाणी राहत नाही, हेही लक्षात घ्या. जळगावहून छत्रपती संभाजीनगर, धुळ्याहून नाशिक, नंदुरबार-नवापूरकडून सुरत, अशी हलवाहलव ठरलेली. निकाल देशभर लागू असल्याने सुरतेतही हा दस्त चालतो, पण तिथल्या आयसीयूत मराठी मजकूर मध्यरात्री कोण वाचणार? हिंदीत किंवा इंग्रजीत त्याच मजकुराची दुसरी प्रत करून तिच्यावरही त्याच वेळी नोटरीचा शिक्का घ्या.

घरी शेवटचे दिवस: भाड्याच्या वस्तू आणि औषधं

‘घरमाच राहू द्या’ हे पाळायचं असेल तर घर तयार लागतं. कॉट, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन), सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं) हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी भाड्याने मिळतं.

कॉन्सन्ट्रेटरबद्दल दुकानदार सांगत नाहीत ते असं: ही मशीनं साधारण ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं मशीन तापून बंद पडतं किंवा ऑक्सिजनची शुद्धता घटते. भिंतीपासून फूटभर लांब, कूलरची दमट हवा थेट आत जाणार नाही अशा जागी, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ते ठेवा. पाच लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज खातं. घरच्या इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-अवर बॅटरीवर तीन-चार तासांपेक्षा जास्त भरवसा नको, आणि तेही इन्व्हर्टर तेवढ्या क्षमतेचा असेल तर. म्हणून बी-टाइप सिलिंडर जोडीला हवाच. त्यात सुमारे दीड हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तासांच्या आसपास पुरतो. रेग्युलेटर आणि पाना सोबत आला का, हे दुकानातच पाहा.

मात्र प्रत्येक धापेला ऑक्सिजन हे उत्तर नसतं. बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ठीक दिसत असूनही श्वास घुसमटत असेल तर उशाशी टेकून बसवणं, खिडकी उघडणं आणि चेहऱ्यावर टेबल फॅनचा वारा यानेही बराच आराम पडतो. त्यापुढे डॉक्टर अल्प मात्रेत मॉर्फिन देतात.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. अंमली पदार्थविरोधी कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, पण ते मिळतं अशाच संस्थांतून. तुमच्या जिल्ह्यात ते कुठल्या रुग्णालयात मिळतं, केसपेपर काय लागतात, घरच्यांनी जाऊन आणलं तर चालतं का, हे गरज पडायच्या आधी विचारून ठेवा. गोळ्या सुरू झाल्या की पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून रोज हवं. बद्धकोष्ठतेने पोट फुगतं आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात, मग दुखणं दुपटीने परत येतं. शेवटी शेवटी गिळणं थांबलं की जिभेखाली किंवा कातडीखाली देता येणारी औषधं कोणती, तेही लिहून घ्या. घशातल्या घरघरीवर डॉक्टर वेगळं औषध देतात. तेवढ्यासाठी सक्शनची नळी वारंवार खोल घातली तर रुग्णाला त्रासच होतो.

हवेची गादी लावली तरी कूस दोन-दोन तासांनी बदलावी लागते. शेवटच्या एक-दोन दिवसांत सलाईनचा हट्ट धरू नका. शरीर ते पेलत नाही, सूज आणि घरघर वाढते. गंगाजळ आणि तुळशीपत्र द्यायचं ते ओठ ओले होतील इतकंच द्या. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं.

घरी मृत्यू झाला की कारणाचा वैद्यकीय दाखला नमुना ४-अ मध्ये शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी घरी येऊन पाहणारा डॉक्टर आधीपासून ठरलेला हवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद करून डोळे मिटवा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा, डोकं उशीने थोडं उंच करा आणि नेत्रपेढीला फोन करा. देहदानाचा अर्ज मात्र जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात हयातीतच भरून ठेवलेला बरा, आणि मागे राहिलेल्यांची संमती नसली तर तो अर्ज पुढे सरकत नाही.

बदल आणि रद्द करणं

दस्त केव्हाही रद्द करता येतो, पण लेखीच. एकाहून अधिक दस्त असतील तर शेवटचा धरला जातो. म्हणून नवा केला की जुन्या प्रती परत घ्या, कस्टोडियनकडे आणि डॉक्टरांकडे बदल लेखी कळवा, कळवल्याचा आवक क्रमांक पुन्हा जपून ठेवा. नवं निदान, मोठी शस्त्रक्रिया, जोडीदाराचं जाणं किंवा नेमलेल्या माणसाचं गाव बदलणं, यातलं काहीही घडलं की कागद काढून वाचायचा. फोन नंबर बदलणं हे त्यातलं सगळ्यात क्षुल्लक वाटणारं कारण आहे, आणि आयसीयूतून कुणीच न सापडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारणही तेच.